माझ्या नावावरची साखर

मला डायबेटिस नाही. कधीच नव्हता. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या विट्यात कुणालाही विचारलंत तर तो सांगेल, उज्ज्वला टेलरला गेली एकोणीस वर्षं साखर आहे, बिचारी इन्सुलिनवर जगते. बिचारी म्हणे! बासष्ट वय झालं, पण आजही दार लावून बसले तर पाव किलो जिलेबी सहज संपवते. दार लावून, कारण उघड्यावर खायला गेले तर गल्लीतल्या बायका प्रेमानं हातातून काढून घेतात.

तर २०४१च्या नोव्हेंबरात, एका गुरुवारी दुपारी, मशीनवर ब्लाऊजची बाही घेतलेली असताना फोनवर सरकारी निरोप आला. 'श्रीमती उज्ज्वला तोडकर, मधुमेह पेशी-उपचार योजनेच्या पहिल्या शंभर रुग्णांमध्ये आपली निवड झाली आहे. मिरज केंद्रात आपल्या पेशींपासून इन्सुलिन तयार करणाऱ्या नव्या पेशी वाढवण्यात येतील.' खाली अभिनंदन, आणि त्याखाली बारीक अक्षरात आणखी बरंच काही. मी चष्मा पुसून सगळं वाचलं. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. मग मशीन बंद करून तशीच बसून राहिले.

ती जागा माझी नव्हती. माझ्या भाचीची होती, अन्विताची. दादाची एकुलती एक मुलगी, आमची अनू.

अनू नऊ वर्षांची असताना मी तिचा फ्रॉक शिवायला घेतला होता. महिन्याभरापूर्वीच माप घेतलेलं. ट्रायलला घातला तर कमरेत दोन इंच ढिला. मला वाटलं, माझीच टेप चुकली. परत माप घेतलं, तर पोरगी टेप सोडवून माठाकडे पळाली. तांब्याभर पाणी घटाघटा प्याली आणि पाच मिनिटांत पुन्हा गेली. मी तिला तशीच उचलून आमच्या घरच्या डॉक्टरांकडे नेलं. ते आता हयात नाहीत, त्यांना बोल लावत नाही. त्यांनी रक्त तपासलं आणि दादाला म्हणाले, "शेखर, बस जरा. टाइप वन आहे."

पोटात स्वादुपिंड असतं, त्यातल्या काही पेशी इन्सुलिन तयार करतात. अनूच्या शरीरातल्या राखणदार पेशींनी त्यांनाच शत्रू समजून मारून टाकलं होतं. का, ते कुणी सांगू शकलं नाही. पथ्यानं जाणारा हा आजार नव्हे. रोज बाहेरून इन्सुलिन, आणि तेही आयुष्यभर.

वहिनी रडत होत्या. दादा रडला नाही. तो संध्याकाळी माझ्या दुकानात आला आणि कटिंगच्या टेबलाला टेकून म्हणाला, "उजे, मुलीची जात आहे. आता म्हणे सगळ्यांच्या तब्येतीच्या नोंदी सरकारी कॉम्प्युटरवर चढणार. एकदा चढलं की कायमचं. उद्या स्थळं यायला लागली की लोक आधी तेच उघडून बघतील."

"मग काय करायचं म्हणतोस?"

"डॉक्टर आपलेच आहेत. औषधं, तपासण्या, सगळं तुझ्या नावावर लावू. तुझं आता कुठे काय व्हायचंय?"

तुझं आता कुठे काय व्हायचंय! मी त्रेचाळीस वर्षांची होते तेव्हा. लग्न झालं नव्हतं, होणार नव्हतं, हे मलाही माहीत होतं. पण सख्ख्या भावानं ते असं कात्री ठेवावी तसं टेबलावर ठेवलं, ते आजही विसरले नाही.

तरी मी हो म्हणाले. लोकांना वाटेल, किती त्याग! कसला त्याग हो? इन्सुलिन माझ्या फ्रीजमध्ये राहणार, म्हणजे पोर दिवसातून तीनदा माझ्याकडे येणार. शाळेला जाताना, जेवायला, शाळेतून आल्यावर. मला ती हवी होती. पोटाला सुई टोचून घेताना माझा दंड घट्ट धरायची, ते मला हवं होतं. एक 'नाही' म्हटलं असतं तर दादाला तिच्याच नावानं फाईल काढावी लागली असती. तो एक शब्द माझ्याकडून निघाला नाही, आणि त्याचं खापर मी दुसऱ्या कुणावर फोडणार नाही.

पुढे सुया गेल्या, पंप आला. दंडावर सेन्सर लावायचा, तो मिनिटामिनिटाला साखर मोजायचा आणि आकडे माझ्या नावानं सरकारी नोंदीत जायचे. मी अनूच्या प्रत्येक कपड्याला आतून चोरखिसा शिवला. शाळेच्या गणवेशाला, परकराला, पुढे जीन्सलासुद्धा. पंप कुणाला दिसायचा नाही. मैत्रिणींनी सेन्सर पाहिला तर काय सांगायचं, हे मीच पढवलं होतं. ऍलर्जीची पट्टी आहे म्हणून सांग. एवढीशी पोर इतकं सफाईनं खोटं बोलायला लागली की मला तिचं कौतुक वाटायचं. कौतुक!

सातवीत असताना सहलीत पन्हाळ्यावर ती कोसळली. साखर उतरली होती. बाईंना वाटलं ऊन लागलं, त्या पाणी मारत बसल्या. कुण्या मैत्रिणीनं सरबत पाजलं म्हणून वाचली. घरी आल्यावर मी दादाला म्हटलं, "शाळेत तरी सांगूया." तो म्हणाला, "आता सांगितलं तर इतकी वर्षं का लपवलंत म्हणून विचारतील." विषय तिथेच संपला.

असे झटके इतके येऊन गेले की शेवटी शेवटी तिला साखर उतरलेली कळेनाशीच झाली. आधी दरदरून घाम यायचा, हात कापायचे, मग ती खिशातली खडीसाखर तोंडात टाकायची. गेली चार वर्षं शरीरानं इशारा देणंच सोडलं. चालता बोलता डोळे फिरायचे. ह्या शंभर जागा नेमक्या अशाच लोकांसाठी होत्या. कॉम्प्युटरनं राज्यभरच्या नोंदी चाळल्या आणि सगळ्यात धोक्यातलं माणूस म्हणून माझं नाव काढलं. मी, दार लावून जिलेबी खाणारी! आणि अन्विता तोडकर, वय अठ्ठावीस, हिच्या नोंदीत काय होतं? लहानपणच्या लसी आणि एकदा पाय मुरगळला होता तो.

रविवारी अनू कोल्हापूरहून आली. तिथे ती धरणांचे नकाशे काढायच्या ऑफिसात नोकरीला होती. निरोप वाचून तिनं मला मिठीच मारली. "आत्या, ही माझी जागा आहे गं! पंप नाही, सेन्सर नाही, काही नाही. पेशी स्वतःच साखर मोजणार, स्वतःच इन्सुलिन सोडणार."

"पण पेशी येणार कुठनं?" वहिनींनी विचारलं.

अनूनं समजावलं. नंतर मिरजेच्या डॉक्टर मुजावर मॅडमनी तेच चित्र काढून दाखवलं, ते माझ्या भाषेत सांगते. आईच्या पोटात आपण सुरुवातीला ज्या पेशींचे असतो त्या मूळ पेशी, स्टेम सेल. त्या म्हणजे ताग्यातलं न कापलेलं कापड. त्यातून हाड होतं, कातडी होते, काळीज होतं. पण एकदा झालं की झालं, बेतलेल्या सदऱ्याचा पुन्हा तागा होत नाही. शास्त्रज्ञांनी नेमकं तेच करून दाखवलं. रक्तातली पेशी घ्यायची, तिला मागे मागे नेत पुन्हा मूळ पेशी करायची आणि मग पायरीपायरीनं पुढे आणायची. आधी आतड्याच्या वाटेला, मग स्वादुपिंडाच्या, मग इन्सुलिनच्या. प्रत्येक पायरीला वेगळं खाद्य. सहा-सात आठवड्यांनी रव्याच्या दाण्याएवढे पेशींचे पुंजके तयार होतात, ते पोटाच्या स्नायूखाली बसवतात. स्वतःच्याच रक्तातल्या, म्हणून शरीर त्यांना परकं म्हणत नाही. राहिलं ते राखणदार पेशींचं जुनं वैर. त्यासाठी नव्या पेशींच्या अंगावरची ओळखीची खूण आधीच काढून टाकतात. समोर उभ्या असल्या तरी राखणदारांना त्या ओळखू येत नाहीत.

"आपण मिरजेला जाऊन खरं सांगूया," अनू म्हणाली. "नाव बदलून देतील की."

दादा उठून दाराला कडी लावून आला. अनूचं लग्न ठरलं होतं, फेब्रुवारीत. मुलगा निनाद, कोल्हापूरला जनावरांचा डॉक्टर, सरळ मुलगा. त्याला ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. "खरं सांगितलंस तर जागाही जाईल आणि स्थळही जाईल," दादा म्हणाला. "त्यापेक्षा आत्याच्या नावानं तुझं रक्त देऊ. लग्नाआधी बरी झालीस की सांगण्यासारखं उरलंच काय?"

बघा, किती सोयीचं! आजार गेला की एकोणीस वर्षांचं खोटं आपोआप खरं होणार होतं. आमच्यासारख्या घरात ही नवी विद्या आली ती अशी आली.

"आणि पेशी पोटात बसवायच्या दिवशी काय करणार?" मी विचारलं. "बासष्टची बाई म्हणून हिला झोपवणार टेबलावर?"

"ते पुढचं पुढे बघू. एकदा पेशी तयार झाल्या की ते काय फेकून देणार आहेत? पाया पडू."

अनू माझ्याकडे वळली. "आत्या, तू सांग. तू म्हणशील ते करू."

आता ऐका. निरोपाखाली जे बारीक अक्षरात होतं, त्यात चौथा परिच्छेद असा होता: 'नोंदीतील माहिती चुकीची असल्यास किंवा उपचार दुसऱ्या व्यक्तीवर झाले असल्यास तीस दिवसांत कळवावे. कोणतीही कारवाई होणार नाही. पडताळणीनंतर जागा मूळ रुग्णास दिली जाईल.' मी तो वाचला होता. अनू यायच्या आधी स्वयंपाकघरात दादाला दाखवलाही होता. तो म्हणाला होता, "हा सापळा आहे. कबूल करून घेतात आणि मग धरतात. पोरीला दाखवू नकोस, ती भोळी आहे, धावत जाईल." मी अनूच्या फोनवर निरोप पाठवला तो फक्त वरचा भाग, अभिनंदनापर्यंत.

मला भीती वाटली. केसची, गावाची, दुकानाची. उज्ज्वला टेलर एकोणीस वर्षं नाटक करत होती, असं बायका म्हणतील ह्याची. तिच्या जिवापुढे ह्या सगळ्याला काय किंमत होती? पण त्या वेळी तोंडातून निघालं ते असं, "पप्पा म्हणतात तसं करू."

"बरं," अनू म्हणाली. तिनं माझा शब्द मोडला नाही, कधीच मोडला नव्हता.

रक्त द्यायला दादाच्या ओळखीच्या एका खासगी लॅबमध्ये गेलो. काउंटरवर माझा चेहरा, माझा अंगठा. आत पडद्यामागे अनूचा हात. लॅबवाला खिडकीबाहेर बघत उभा राहिला. माझं नाव चिकटवलेल्या नळ्यांत अनूचं रक्त भरलं, आणि येताना दादानं सगळ्यांना उसाचा रस पाजला. इतका तो खूश होता.

वीस डिसेंबरला मिरजेहून फोन आला. तोडकरबाई आणि जिचं रक्त आहे ती मुलगी, दोघींनी यावं. ती मुलगी! आम्ही तिघं गेलो.

मुजावर मॅडम पन्नाशीच्या, शांत बोलणाऱ्या. आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "रक्ताला वय असतं. आपल्या पेशींतल्या डीएनएवर वयाप्रमाणे बारीक रासायनिक खुणा पडत जातात. म्हाताऱ्या पेशीला मागे न्यायला वेळ जास्त लागतो, म्हणून आम्ही प्रत्येकाच्या पेशीचं वय आधीच मोजतो. चोर पकडायला नाही, कामासाठी. तुमच्या नळीतलं रक्त अठ्ठावीस वर्षांचं आहे, आणि माणूस बासष्टचं."

दादा खुर्चीतून उठला आणि खरंच त्यांच्या पायाकडे वाकायला लागला. त्यांनी त्याला थांबवलं.

"ह्या शंभर नावांत तुमच्यासारखी सात निघाली," त्या म्हणाल्या. "मुलीचा आजार, नोंद आजीची, नाहीतर आईची. तुम्हाला वाटतं तुम्ही एकटेच आहात? तो चौथा परिच्छेद आम्ही मुद्दाम घातला होता. सहा घरं आली, खरं सांगितलं. आम्ही चहा पाजला आणि नाव बदललं. त्यांतल्या दोघींच्या पेशी आजच शेवटच्या पायरीला पोचल्या. तुमची मुदत सहा दिवसांपूर्वी संपली."

"कुठला परिच्छेद?" अनूनं विचारलं.

मॅडमनी कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडे वळवला. तिनं वाचला. एकदा, मग पुन्हा. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आत्या, हे तुला आलं होतं?"

"हो."

"तू वाचलं होतंस?"

खोटं बोलायची सवय हाडीमाशी मुरलेली असते. ओठांवर आलंच होतं, की नाही गं, दिसलंच नाही, अक्षर बारीक होतं. पण तिच्याबद्दल मी जगाशी खोटं बोलले होते, तिच्याशी तोंडानं कधी नाही. "वाचलं होतं," मी म्हणाले.

ओरडली असती, रडली असती तर मी पाय धरले असते. ती मॅडमकडे वळली. "आता काय होऊ शकतं?"

"खोटा नमुना दिला की दोन्ही नावं तीन वर्षं बाद. मी समितीला लिहिलं होतं, मुलीची चूक नाही म्हणून. नाही म्हणाले. एकाला सूट दिली तर उद्या रांग लागेल, म्हणाले." मॅडम अनूकडे वळल्या. "तुझ्या पेशी फार छान प्रतिसाद देत होत्या, बाळा. मागे फिरायला लागल्या होत्या. काल नष्ट कराव्या लागल्या."

तीन वर्षं. जिला स्वतःची साखर उतरलेली कळत नाही, तिची तीन वर्षं.

निनादला अनूनं त्याच संध्याकाळी फोन करून सगळं सांगितलं, आमच्यासमोर, केंद्राच्या पायरीवर बसून. दादा हातवारे करून नको नको म्हणत होता, तिनं पाठ फिरवली. दोन दिवस त्या पोराचा फोन बंद. दादा म्हणायला लागला, "बघ, सांगितलं होतं मी." तिसऱ्या दिवशी निनाद आपल्या गाडीनं विट्याला आला. चप्पल काढता काढताच म्हणाला, "माझ्या काकूला आहे टाइप वन. आमच्या घरात सगळ्यांना सुई देता येते. मला राग साखरेचा नाही आला. मागच्या महिन्यात ही माझ्यासमोर चक्कर येऊन बसली, मी लिंबूपाणी आणायला गेलो, मीठ घातलेलं. मला माहीत असतं तर साखर घातली असती ना?" तो माझ्याकडे आणि दादाकडे वळला. "त्या तीस दिवसांत मला एक शब्द सांगितला असता, मी स्वतः मिरजेला घेऊन गेलो असतो."

म्हणजे झालं काय? ज्या स्थळासाठी एकोणीस वर्षं लपवलं, त्या स्थळाला त्याचं काही वाटलंच नाही. दादा भिंतीकडे तोंड करून बसला. मी पहिल्यांदाच त्याला रडताना पाहिलं. मला त्याची कीव आली आणि माझी त्याहून जास्त किळस आली.

जानेवारीत नोंद दुरुस्त करायला पुन्हा मिरजेला गेलो. मला कधीच मधुमेह नव्हता, असं मी लिहून दिलं. मॅडमनी एक कळ दाबली आणि माझ्या नावावरचे एकोणीस वर्षांचे आकडे पुसले गेले. "हिच्या नावावर फिरवता नाही का येत?" मी विचारलं. नाही म्हणाल्या, खोटी नोंद ती खोटीच. अनूच्या नव्या नोंदीत आजार सुरू झाल्याची तारीख पडली ती त्या दिवसाची. पन्हाळा नाही, चक्कर नाही, काहीच झालेलं नाही. तीन वर्षांनी ती रांगेत उभी राहील ती नवी रुग्ण म्हणून, सगळ्यात शेवटी.

मग सेन्सर तिच्या नावावर जोडला. मॅडम म्हणाल्या, "साखर फार उतरली की हा दोन माणसांना निरोप पाठवतो. लगेच धावत येतील अशी दोन नावं सांग."

"निनाद," अनू म्हणाली आणि नंबर सांगितला.

"दुसरं?"

मी खुर्चीत पुढे सरकले. इतकी वर्षं तो निरोप माझ्याच फोनवर यायचा. मशीनवरून, देवळातून, कुठूनही मी पळत सुटायची. ती कोल्हापूरला गेल्यावरसुद्धा मी फोन करकरून तिला उठवलेलं आहे. तिच्या साखरेचा आकडा तिच्याआधी मला कळायचा. दुसरा कुणाचा नंबर असणार?

अनूनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. माप घेताना मी गिऱ्हाईकाकडे बघते तसं, नीट.

"दुसरं नको," ती म्हणाली. "मला खरं सांगेल असंच माणूस हवं."

मॅडमनी तो रकाना रिकामा सोडला आणि पुढचा प्रश्न विचारला.